उष्णतारोधक सँडविच पॅनेलची कापणी

उष्णतारोधक सँडविच पॅनेलची कापणी म्हणजे दोन पातळ धातूच्या पत्र्यांमध्ये उष्णतारोधक गाभा चिकटवून तयार केलेली भिंतीची पॅनेल हव्या त्या लांबीत, रुंदीत वा आकारात कापण्याची आणि त्यांत दारे, खिडक्या, नळ व वायुवाहिन्यांसाठी भोके पाडण्याची प्रक्रिया होय. शीतगृहे, गोदामे, औषधनिर्मितीचे कारखाने, दुग्धप्रक्रिया केंद्रे, दूरसंचार उपकरणांच्या खोल्या आणि बांधकामस्थळावरील तात्पुरती कार्यालये यांच्या उभारणीत ही पॅनेल मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. पॅनेल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याचा गाभा दोन्ही बाजूंनी पत्र्याने झाकलेला असतो आणि पत्र्यावर जस्ताचे व रंगाचे संरक्षण असते. जेथे पॅनेल कापले जाते, तेथे ही दोन्ही आवरणे संपतात. पत्रा गंजणे, गाभ्यात ओलावा शिरणे, सांध्यातून उष्णता झिरपणे आणि आगीत गाभ्यापर्यंत ज्वाला पोहोचणे या चारही दोषांचा उगम बहुधा कापलेल्या कडेपाशी असतो.

नाव आणि रचना

‘सँडविच’ हे नाव पावाच्या दोन कापांमध्ये सारण घालण्याच्या खाद्यपदार्थावरून आले आहे. भारतात पॉलियुरेथेन फोमचा गाभा असलेल्या पॅनेलला ‘पफ पॅनेल’ म्हणतात. व्यवहारात हा शब्द इतका रुळला आहे की गाभा वेगळ्या पदार्थाचा असला तरी पुष्कळदा तोच वापरला जातो. ही सवय सोयीची असली तरी कापणीच्या दृष्टीने फसवी आहे, कारण गाभा बदलला की हत्यार, धूळ आणि आगीचा धोका हे सर्व बदलते.

बाहेरचे पत्रे सामान्यतः जस्तलेपित पोलादाचे आणि ०.४ ते ०.६ मिमी जाडीचे असतात. त्यांवर सुमारे २५ मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टर रंगाचा थर असतो. खाद्यप्रक्रिया व औषधनिर्मितीच्या खोल्यांत स्टेनलेस स्टीलचे पत्रेही वापरतात. गाभा पॉलियुरेथेन, पॉलिआयसोसायन्युरेट, प्रसारित पॉलिस्टायरिन (बोलीभाषेतील थर्माकोल) किंवा दगडापासून बनवलेल्या खनिज लोकरीचा असतो. पॉलियुरेथेन व पॉलिआयसोसायन्युरेट फोमची घनता दर घनमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम असते, तर भिंतीच्या पॅनेलमधील खनिज लोकरीची १०० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक. पॅनेलची जाडी साधारणतः ४० ते २०० मिमी आणि रुंदी एक मीटरच्या आसपास असते.

स्थापत्यदृष्ट्या पॅनेलची तुलना पोलादी आय-तुळईशी करता येते. वाऱ्याच्या दाबाने भिंत वाकू लागली की एक पत्रा ताण घेतो, दुसरा दाब घेतो आणि गाभा दोघांना ठरावीक अंतरावर धरून ठेवत कर्तन बल सोसतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा एकटा असता तर हाताने दुमडला गेला असता. गाभ्याला चिकटल्यामुळेच तो काही मीटर उंचीची भिंत पेलतो. कापताना पत्रा गाभ्यापासून सुटला तर तेवढ्या भागात हे सहकार्य नाहीसे होते. वरून पाहता असे पॅनेल धडधाकट दिसते, म्हणून हा दोष सहसा लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी

हलका गाभा आणि पातळ, बळकट पृष्ठे यांची ही रचना दुसऱ्या महायुद्धात विमानबांधणीत नावारूपाला आली. नोव्हेंबर १९४० मध्ये पहिले उड्डाण केलेल्या ब्रिटिश ‘मॉस्किटो’ विमानाचा सांगाडा बाल्सा लाकडाच्या गाभ्यावर प्लायवूडचे थर चिकटवून केलेला होता. पॉलियुरेथेनचे रसायनशास्त्र जर्मन रसायनज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लेव्हरकुसेन येथे विकसित केले. महायुद्धानंतर कठीण पॉलियुरेथेन फोम आणि रंगीत पत्र्याची गुंडाळी या दोन उत्पादनांच्या संयोगातून आजचे भिंतीचे पॅनेल घडले. युरोपात धातुपृष्ठ उष्णतारोधक पॅनेलसाठी ‘ईएन १४५०९’ हे मानक असून भारतात पूर्वघटित पॉलियुरेथेन व पॉलिआयसोसायन्युरेट फोमसाठी ‘आयएस १२४३६’ हे मानक आहे.

कारखान्यातील कापणी

अखंड उत्पादनपद्धतीत पत्र्याच्या दोन गुंडाळ्या वर व खाली उलगडत जातात, त्यांच्या कडांना खाच व जीभ यांचा आकार दिला जातो आणि मधल्या पोकळीत फोमचे द्रव मिश्रण सोडले जाते. फुगणारा फोम दुहेरी पट्ट्याच्या लांब दाबयंत्रातून पुढे सरकत घट्ट होतो. यंत्राच्या शेवटी सलग बाहेर येणारी ही फळी न थांबवता कापावी लागते. त्यासाठी करवत स्वतः पॅनेलच्याच गतीने पुढे सरकत आडवा छेद घेते आणि काप पूर्ण होताच मूळ जागी परतते. तिला उडती करवत म्हणतात. फोम तयार होण्याची अभिक्रिया उष्णता निर्माण करणारी असल्याने कापलेले पॅनेल थंड होऊ दिल्यावरच रचले जाते. घाईने रचल्यास गाभा आत तापलेला राहून पॅनेल वाकू शकते.

खनिज लोकरीच्या पॅनेलमध्ये काप दोनदा घडतो. लोकरीच्या लाद्या आधी पट्ट्यांमध्ये कापून नव्वद अंशांत वळवल्या जातात, जेणेकरून तंतू पत्र्याला काटकोनात उभे राहतील, आणि मग पत्र्यांना चिकटवल्या जातात. तंतू आडवे ठेवले तर पुस्तकाची पाने सुटावीत तसे थर एकमेकांपासून सुटू लागतात.

शीतकक्षांची काही पॅनेल साच्यात एकेक करून ओतली जातात. त्यांच्या कडांमध्ये एकमेकांना ओढून घट्ट बसणारे आकड्यांचे कुलूप पुरलेले असते. त्याला बाजारात ‘कॅमलॉक’ म्हणतात. अशा पॅनेलवर बांधकामस्थळी करवत चालवण्यापूर्वी कुलपाची जागा पाहून घ्यावी लागते. काप त्यातून गेल्यास करवतीचे पाते तर बिघडतेच, शिवाय ती कड जोडणीसाठी निरुपयोगी होते.

जे माप आराखड्यातून ठरवता येते ते कारखान्यातच कापून घ्यावे, हा या कामातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरीही कारखान्याचे मापही अगदी अचूक नसते. युरोपीय मानकात तीन मीटरपर्यंतच्या पॅनेलला लांबीत ५ मिमी आणि त्याहून लांब पॅनेलला १० मिमी कमीअधिक फरक ग्राह्य धरला आहे.

मोजमाप आणि आखणी

बांधकामस्थळी पहिला काप घेण्यापूर्वी पोलादी सांगाडा प्रत्यक्ष मोजावा लागतो. खांब ओळंब्यात नसतील तर आराखड्यातले माप कामाचे नसते. भिंतीच्या दोन्ही टोकांना किती रुंदीचे तुकडे उरतील याचा हिशेब आधी मांडतात. एका टोकापासून पूर्ण पॅनेल लावत गेल्यास दुसऱ्या कोपऱ्यात हातभर रुंदीची पट्टी उरू शकते. अशी अरुंद पट्टी वाऱ्याच्या भाराला कमकुवत ठरते आणि तिच्या एका कडेची खाच वा जीभ कापली गेलेली असल्याने नीट बसतही नाही. म्हणून उरलेली रुंदी दोन्ही कोपऱ्यांत विभागून देणे श्रेयस्कर असते.

तापमानामुळे होणाऱ्या बदलासाठी फट राखावी लागते. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आहे, म्हणजे सहा मीटर लांबीचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने ३.६ मिमी वाढतो. युरोपीय मानकात गडद रंगाच्या बाहेरील पत्र्याचे उन्हाळी तापमान ८० अंश सेल्सिअस, तर अगदी फिक्या रंगाचे ५५ अंश धरले जाते. दोन पत्र्यांच्या तापमानात फरक असेल तर पॅनेल उष्ण बाजूकडे फुगते. १०० मिमी जाडीच्या, सहा मीटर उंचीच्या आणि केवळ दोन टोकांना आधार असलेल्या पॅनेलच्या पत्र्यांत ६० अंशांचा फरक पडल्यास हा फुगवटा मध्यभागी गणिताने सुमारे ३२ मिमी येतो. चौकटीला अगदी चिकटून कापलेले दाराचे भोक अशा वेळी दार अडकवते.

आखणी पॅनेलच्या दोन्ही बाजूंना करावी लागते आणि दोन्ही रेषा एकमेकींसमोर आल्या आहेत याची काटकोनी मापाने खात्री केली जाते. रेषेसाठी शिसपेन्सिल टाळतात. तिच्यातील ग्राफाइट ओलाव्यात जस्त व ॲल्युमिनियमच्या लेपाशी विद्युतरासायनिक क्रिया घडवून आणते आणि रेषेच्या बरोबर खाली लेप खाल्ला जाऊ शकतो. त्याऐवजी फेल्टच्या टोकाचे पेन वापरले जाते.

हत्यारे

सरळ लांब कापासाठी कार्बाइडच्या दात्यांचे, धातू कापण्यासाठी बनवलेले पाते बसवलेली हातातील गोल करवत हे सर्वाधिक योग्य हत्यार मानले जाते. ती मार्गदर्शक पट्टीच्या आधाराने चालवतात. ७¼ इंची (सुमारे १८५ मिमी) पात्याची करवत जेमतेम ६५ मिमी खोल जाते. त्यामुळे १०० मिमीचे पॅनेल एका बाजूने कापता येत नाही. पॅनेल उलटवून दुसऱ्या बाजूने काप पुरा करावा लागतो. दोन काप एका पातळीत न आल्यास कडेला पायरी राहते. जाड पॅनेलसाठी मोठ्या पात्याच्या करवती मिळतात, पण त्या जड असतात.

हातातील गोल करवतीचे दाते पॅनेलमधून वरच्या दिशेने बाहेर येतात, म्हणून पत्र्याचे बर वरच्या पृष्ठावर उठते. जो पृष्ठभाग दर्शनी राहणार आहे तो खाली ठेवून कापण्याची पद्धत यातूनच आली. सामान्य पात्याच्या जिगसॉलाही हाच नियम लागू पडतो. खाली ठेवलेल्या बाजूला ओरखडे पडू नयेत म्हणून टेबलावर फोमचे वा गालिच्याचे तुकडे अंथरतात आणि कापाच्या दोन्ही बाजूंना आधार देतात. तुकडा सुटताना स्वतःच्या वजनाने वाकला तर शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये पत्रा फाटतो आणि गाभ्यापासून सुटतो.

खिडकीसारख्या चौकोनी भोकांसाठी कोपऱ्यांवर आधी छिद्रे पाडून लांब पात्याची जिगसॉ चालवतात. छिद्रामुळे कोपरा गोलसर राहतो. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटून तेथून पत्रा चिरत जातो. नळांसाठी वर्तुळाकार करवत वापरली जाते. एकच पत्रा कापायचा असेल तर पत्र्याची कात्री किंवा निबलर पुरतो. खनिज लोकर मात्र करवतीपेक्षा लांब, दातेरी सुरीने अधिक स्वच्छ कापली जाते. थर्माकोलच्या उघड्या ठोकळ्यांसाठी वापरली जाणारी तापलेली तार पत्र्यामुळे येथे चालत नाही.

ग्राइंडरचा प्रश्न

प्रत्यक्षात अनेक बांधकामस्थळांवर पॅनेल कापले जाते ते हातातल्या ग्राइंडरने. तो स्वस्त आहे, प्रत्येक फॅब्रिकेटरच्या पेटीत असतो आणि त्याची चकती रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. चार इंची चकती पॅनेलमधून आरपार जाऊ शकत नाही. म्हणून दोन्ही पत्रे वेगवेगळे चिरून गाभा सुरीने किंवा हॅकसॉच्या पात्याने कापला जातो. जवळजवळ सर्व पॅनेल-उत्पादक आपल्या मार्गदर्शिकांत या पद्धतीला मनाई करतात. या मनाईमागे उत्पादकाची हौस नसून धातुशास्त्र आहे.

करवतीचे पाते धातूचे तुकडे तासून काढते. निर्माण झालेली बहुतांश उष्णता त्या तुकड्यांबरोबर निघून जाते. ग्राइंडरची चकती धातू घासून काढते. १०० मिमी व्यासाची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या परिघाचा वेग सेकंदाला सुमारे ५७ मीटर असतो. घर्षणाने पत्र्याची कड लाल होण्याइतपत तापते. जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. रंगाचा थर त्याच्या कितीतरी आधी करपतो. त्यामुळे कापाच्या कडेची एक पट्टी रंग व जस्त दोन्हींना मुकते.

याचे महत्त्व कळण्यासाठी जस्ताचे काम ध्यानात घ्यावे लागते. दर चौरस मीटरला दोन्ही बाजूंचे मिळून २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर प्रत्येक बाजूला सुमारे २० मायक्रॉनचा थर असतो. हा थर पोलाद झाकतो आणि त्याशिवाय पोलादाऐवजी स्वतः झिजतो. करवतीने स्वच्छ कापलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या कडेवर पोलाद उघडे पडले तरी दोन्ही बाजूंचे जस्त इतके जवळ असते की त्या कडेचे रक्षण होत राहते. ग्राइंडरने हेच शेजारचे जस्त जाळलेले असते. पाऊस आणि खारी हवा असलेल्या ठिकाणी अशा कडेला लवकर गंज धरतो आणि तो रंगाखालून आत सरकत जातो.

दुसरा दोष ठिणग्यांचा. ठिणगी म्हणजे पोलादाचा तप्त कण असतो आणि तो शेजारच्या रंगीत पृष्ठात वितळून रुततो. पहिल्या ओलाव्यानंतर त्या जागी तांबूस ठिपका उमटतो. पाहणाऱ्याला पत्राच गंजला असे वाटते, पण गंजत असतो तो बाहेरून येऊन बसलेला कण. करवतीचे तुकडेही रात्रभर पॅनेलवर पडून राहिले तर असेच डाग देतात. म्हणून काम संपताच मऊ ब्रशने पृष्ठ झाडण्याची शिस्त पाळावी लागते. संरक्षक फिल्म कापेपर्यंत ठेवतात, पण पॅनेल बसल्यावर ती लवकर काढतात, कारण उन्हात ती चिकटून बसते.

तिसरा दोष आगीचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

कापलेल्या कडेची निगा

बाहेरील भिंतीवर कापलेली कड उघडी ठेवत नाहीत. ती पत्र्याच्या वळवलेल्या पट्टीने, म्हणजे फ्लॅशिंगने, झाकली जाते आणि फ्लॅशिंगच्या आत ब्यूटाइल किंवा अन्य लवचीक भरण घातले जाते. तळाच्या कडेला पाणी साचू नये अशी रचना करावी लागते. पॅनेलचा खालचा काप जमिनीच्या काँक्रीटवर थेट टेकवला तर तो ओलावा शोषणाऱ्या वातीसारखा वागतो, विशेषतः गाभा खनिज लोकरीचा असल्यास.

उष्णतारोधनाचे गणित पाहता हा काळजीपूर्वकपणा अतिरेकी वाटत नाही. पॉलिआयसोसायन्युरेट फोमची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०२२ वॅट असते. त्यामुळे १०० मिमी पॅनेलमधून दर चौरस मीटरला प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण ०.२२ वॅट उष्णता जाते. नऊ इंची विटांच्या भिंतीत हाच आकडा सुमारे २ वॅटच्या घरात असतो. पाण्याची उष्णतावाहकता ०.६ आणि बर्फाची सुमारे २.२ आहे. गाभ्यात बर्फ धरलेल्या जागी उष्णतेला फोमच्या तुलनेत शंभर पट सोपी वाट मिळते.

शीतगृहातील काप

शीतगृहात कापलेल्या कडेची परीक्षा सर्वांत कठोर असते. बाहेरची उष्ण, दमट हवा आणि आतली थंड, कोरडी हवा यांच्यातील बाष्पदाबाच्या फरकामुळे पाण्याची वाफ वर्षभर एकाच दिशेने, बाहेरून आत, रेटली जाते. पोलादी पत्रा वाफेला आरपार जाऊ देत नाही. कापलेली कड मात्र जाऊ देते. आत शिरलेली वाफ गाभ्याच्या थंड भागात गोठते, बर्फ सांधा रुंदावतो आणि रुंदावलेल्या सांध्यातून अधिक वाफ येते. म्हणून बाष्परोधक भरण उष्ण बाजूला घालणे हा शीतगृहबांधणीचा मूलभूत नियम आहे. आतल्या बाजूने कितीही देखणे सिलिकॉन फिरवले तरी बाहेरची कड उघडी असल्यास त्याचा उपयोग होत नाही. उलट शिरलेला ओलावा आतच कोंडला जातो.

याच इमारतीत असाही एक काप आहे जो केला नाही तर नुकसान होते. उणे २० अंशांच्या कक्षाची भिंत किंवा छत सलग पुढे जाऊन शून्याच्या वरच्या तापमानाच्या शेजारच्या खोलीत शिरत असेल, तर आतला पोलादी पत्राही दोन्ही खोल्यांत सलग राहतो. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० असते, म्हणजे फोमच्या दोन हजार पटींहून अधिक. दुभाजक भिंत कितीही जाड असली तरी उष्णता तिला वळसा घालून या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातून वाहते आणि उबदार बाजूला पत्र्यावर दव किंवा हिम साचते. त्यामुळे दुभाजक भिंत जेथे टेकते तेथे, तिच्या जाडीच्या आत झाकला जाईल असा, केवळ आतल्या पत्र्याचा अरुंद पट्टा कापून काढतात. गाभ्याला व बाहेरच्या पत्र्याला धक्का लागू द्यायचा नसतो. पत्रा तोडल्याने त्या जागी पॅनेलची ताकद घटते. म्हणून छताच्या पॅनेलमध्ये हा छेद आधाराशिवायच्या जागी घेता येत नाही. तो आराखड्यातच दाखवलेला असावा लागतो. उभारणीच्या घाईत सर्वाधिक वेळा विसरला जाणारा काप हाच, आणि तो नंतर घेण्यासाठी दुभाजक भिंत उतरवावी लागते.

भोके आणि मजबुती

नळाएवढे छोटे भोक पॅनेलच्या मजबुतीत फारसा फरक करत नाही. दाराएवढ्या भोकाने मात्र दोन्ही पत्र्यांतील बलांचा मार्ग तुटतो आणि भार शेजारच्या पॅनेलकडे वळतो. अशा वेळी भोकाभोवती सांगाड्याला जोडलेली पोलादी चौकट आवश्यक असते. ही चौकट भोक पाडण्यापूर्वी बसवणे योग्य होय. एका पॅनेलमध्ये अनेक छोटी भोके आडव्या ओळीत पाडणे हे एका मोठ्या भोकाइतकेच घातक असते, पण विद्युत व वातानुकूलनाचे ठेकेदार वेगवेगळ्या दिवशी येत असल्याने ते कुणाच्या नजरेत येत नाही.

भोक पाडण्यापूर्वी गाभ्यातून विजेच्या तारा गेलेल्या नाहीत ना, हेही पाहावे लागते. तार जाते त्या जागी पत्र्याची धारदार कड तिच्या आवरणाला घासू नये म्हणून प्लॅस्टिकची नळी किंवा बाही घालतात.

धूळ आणि इजा

पॉलियुरेथेनची धूळ अतिशय हलकी व विद्युतभारित असल्याने कपड्यांना चिकटते आणि बंद जागेत बराच वेळ तरंगत राहते. पक्क्या झालेल्या फोममध्ये मुक्त आयसोसायनेट जवळपास नसते. परंतु फोम जळाला वा अतिशय तापला की आयसोसायनेट, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू बाहेर पडतात. म्हणजे धूर न येणारा काप आणि धूर येणारा काप यांत कामगाराच्या फुप्फुसाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. खनिज लोकरीचे तंतू त्वचेला, डोळ्यांना व घशाला खाज आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये उष्णतारोधक दगडी लोकरीचे मूल्यांकन करून तिला ‘मानवात कर्करोगजनक असे वर्गीकरण करता न येणाऱ्या’ तिसऱ्या गटात ठेवले. याचा अर्थ मुखपट्टीशिवाय काम करावे असा होत नाही.

कामावरच्या जखमा बहुतेक पत्र्याच्या कडेच्या असतात. कापलेली कड वस्तऱ्यासारखी असते. वाऱ्याच्या दिवशी सहा मीटरचे पॅनेल हाती धरणे धोक्याचे असते, कारण ते आकाराच्या मानाने हलके असून शिडासारखे फुगते.

आग

ग्राइंडरची ठिणगी उघड्या फोमवर पडली तर ती विझल्यासारखी दिसूनही गाभ्यात धुमसत राहू शकते. पत्रा आड असल्याने धूर उशिरा दिसतो आणि बाहेरून मारलेले पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. इंग्लंडमधील हेरफर्ड येथे सप्टेंबर १९९३ मध्ये कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात लागलेल्या आगीत दोन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये सँडविच पॅनेलच्या इमारतींत आग आतल्या आत कशी पसरते यावर गांभीर्याने विचार सुरू झाला.

दक्षिण कोरियातील इचॉन येथील दोन दुर्घटना बांधकामाच्या दृष्टीने अधिक बोलक्या आहेत. ७ जानेवारी २००८ रोजी तेथील एका शीतगोदामात ४० जणांचा, तर २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या दुसऱ्या एका गोदामात ३८ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या आगीच्या तपासात तळघरातील शीतकयंत्राच्या नळांचे वेल्डिंग आणि उष्णतारोधक युरेथेन फोम यांचा संबंध समोर आला. दोन्ही आगींत मृतांमध्ये मोठा भरणा कामगारांचा होता. पूर्ण झालेल्या इमारतीत फोम पत्र्याआड वा अन्य आवरणाआड असतो. बांधकाम चालू असताना तो उघडा असतो आणि त्याच वेळी त्याच जागी ठिणग्या उडवणारी कामेही चालू असतात.

गाभ्याच्या प्रकारानुसार वर्तन बदलते. थर्माकोल आगीजवळ आक्रसून वितळतो आणि पत्र्यांमध्ये पोकळी सोडतो. पॉलियुरेथेन जळते. पॉलिआयसोसायन्युरेट पृष्ठावर कोळशाचा थर धरून ज्वालेला काही काळ रोखते, पण तेही ज्वलनशीलच आहे. दगडी लोकर जळत नाही आणि हजार अंशांपुढेच वितळू लागते; म्हणून अग्निरोधक दुभाजक भिंतींसाठी ती निवडली जाते. मात्र लोकरीच्या पॅनेलमधून नळासाठी पाडलेले भोक सामान्य फवारा फोमने बुजवले, तर त्या जागी ती भिंत अग्निरोधक उरत नाही. तेथे अग्निरोधक भरणच वापरावे लागते.

ठिणगीची कामे टाळता येत नसतील तेथे लेखी परवाना, जवळ अग्निशामक उपकरण, उघड्या गाभ्यावर आच्छादन आणि काम संपल्यावर ठरावीक वेळ पहारा ठेवण्याची पद्धत आहे. थंड काप देणारी करवत वापरल्यास निदान कापणीपुरता हा प्रश्न उरत नाही.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात पफ पॅनेलची ओळख शेतकऱ्यांना मुख्यतः द्राक्षांमुळे झाली. नाशिक व सांगली भागांत निर्यातीच्या द्राक्षांसाठी पूर्वशीतकरण कक्ष आणि शीतगृहे उभी राहिली. द्राक्षे ० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. म्हणजे कक्षाच्या आतही दमटपणा असतो आणि कापलेली कड दोन्ही बाजूंनी ओलाव्याला सामोरी जाते. (कांद्याची चाळ याच्या अगदी उलट तत्त्वावर, मोकळ्या हवेवर चालते, तिला या पॅनेलचा उपयोग नाही.) कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या शीतगृहांना खारी हवा व मुसळधार पाऊस सोसावा लागतो, तेथे ग्राइंडरने जाळलेली कड सर्वांत आधी दगा देते. भिवंडी परिसरातील गोदामे, तसेच पुणे व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) भागांतील औषध व वाहन उद्योग हे इतर मोठे ग्राहक आहेत.

पॅनेल उभारणीचे काम बहुधा पत्र्याच्या शेड बांधणारे फॅब्रिकेटरच करतात. शेडच्या साध्या पत्र्याला जी पद्धत चालते ती पॅनेललाही चालेल असे गृहीत धरले जाते. ग्राइंडरची सवय तेथूनच आली आहे.

तुकडे आणि जुनी पॅनेल

कापणीतून उरलेल्या तुकड्यांतील पत्रा भंगारात विकला जातो, पण गाभा त्याला घट्ट चिकटलेला असल्याने वेगळा करणे कष्टाचे असते. तो जाळून पत्रा मोकळा करण्याची पद्धत विषारी धुरामुळे अत्यंत घातक आहे. मोठे तुकडे दारावरच्या पट्ट्या, पाण्याच्या टाकीचे आच्छादन किंवा पहारेकऱ्याच्या खोलीसाठी पुन्हा वापरले जातात.

जुन्या इमारतीतील पॅनेल कापताना आणखी एक बाब येते. फोम फुगवण्यासाठी पूर्वी सीएफसी-११ हा वायू वापरत. ओझोन थराला तो घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याची जागा घेतलेल्या एचसीएफसी-१४१बी या रसायनाचा वापर भारताने १ जानेवारी २०२० पासून पूर्णपणे थांबवला. हे वायू फोमच्या बंद पेशींमध्ये अनेक दशके अडकून राहतात आणि जुने पॅनेल करवतीखाली आले की कापलेल्या पेशींतून हवेत सुटतात. त्यामुळे अशी पॅनेल पाडताना शक्य तितके कमी काप घेऊन, सांधे सोडवून ती अखंड उतरवण्याची पद्धत अवलंबली जाते. हल्लीच्या अनेक पॅनेलमध्ये पेंटेन गटातील वायू असतात. ते ओझोनला घातक नाहीत, परंतु ज्वालाग्राही आहेत. म्हणून ताज्या पॅनेलच्या कापलेल्या तुकड्यांचा ढीग बंद खोलीत साठवला जात नाही.